हलकी, परवडणारी टेलिझूम लेन्स: प्रवासातले तुमचे अनुभव लिहा

पाहुणे आले की किल्ला दाखवायचा, हे आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ठरलेलंच. त्यामुळे किल्ल्यावरचा मानमंदिर महाल मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. भिंतीवरच्या निळ्या टाइल्समध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे, तीही खालून मान वर करून पाहिलेली. पण कुठल्या बदकाचा रंग टिकलाय, कुठल्याचे टवके उडालेत, हे मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलं. कॅननची 55-250 मिमीची एसटीएम लेन्स, दूरचं जवळ आणणारी टेलिझूम, तेव्हा नवी घेतली होती. वजन 375 ग्रॅम. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तिचं 250 मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेमवरच्या 400 इतकं जवळ आणतं. पर्समध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी मावते, म्हणून ती रोज बरोबर असते. आधी मैत्रिणीची 70-200 एफ 2.8 (जास्त प्रकाश आत घेणारी) आणायचे, ती जवळजवळ दीड किलोची. पायी चढून हत्ती पोळ गाठेपर्यंत खांदा भरून यायचा आणि कॅमेरा बाहेर काढायची इच्छाच उरायची नाही.

अशी लेन्स घेऊन तुम्ही कुठे गेलात, काय मिळालं, कुठे अडलं? सविस्तर लिहा. मी पुढच्या महिन्यात ओरछाला जातेय.

कंपूकर
ताई, किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या वाटेवरच्या तीर्थंकरांच्या मूर्तींवर लावून बघा. सगळ्यात मोठी मूर्ती 57 फुटांच्या आसपास आहे. पायथ्याशी उभं राहून मोबाइलने काढली की पाय मोठे आणि डोकं लिंबाएवढं येतं. मी रस्त्याच्या पलीकडे, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन काढतो, मग प्रमाण नीट येतं. बाबराच्या हुकमाने यातल्या बऱ्याच मूर्तींची मुखं फोडली गेली, पुढे काहींची पुन्हा घडवली. हे इतिहासात वाचलं होतंच, पण दगड कुठे संपतो आणि नंतरचा गिलावा कुठे सुरू होतो, ती मानेवरची रेघ मला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून बघताना सापडली. बराच वेळ तिथेच उभा होतो.

नदीवेडी
आम्ही चंबळवर गेलो होतो. मुरैनाच्या पुढे धौलपूरच्या वाटेवर राजघाटाचा पूल लागतो, तिथून नावेने. घडियाल, म्हणजे आपली सुसर, वाळूवर ऊन खात पडलेली असते. नाव फार जवळ नेत नाहीत आणि नेऊही नये. माझी निकॉनची 70-300 एएफ-पी व्हीआर, 415 ग्रॅम. मोठ्या नराच्या नाकावरचा घड्यासारखा उंचवटा 300 वर स्वच्छ आला.

एक गोष्ट शिकले. व्हीआर आपल्या हाताचा थरकाप सांभाळतो. समोरचा पक्षी उडत असेल किंवा नाव डुलत असेल तर शटरचा वेगच वाढवावा लागतो. पहिले चाळीस फोटो 1/200 सेकंदावर घेतले, सगळे पुसट. 1/1000 केल्यावर स्किमर या नदीवरच्या पक्ष्याची खालची लांब चोचसुद्धा धारदार आली.

दौलतगंज
मी वापरलेली लेन्स घेतली होती, स्वस्तात. काच बाहेरून चकचकीत. घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारला तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ गेला. पैसे गेले त्यापेक्षा विश्वास ठेवला याचं जास्त वाईट वाटलं. वापरलेली घेणाऱ्यांनी टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चामड्याच्या बॅगेत तर अजिबात नको.

नदीवेडी
दौलतगंज दादांच्या बोलण्यात भर घालते. एएफ-पी घेताना आपली बॉडी, म्हणजे कॅमेरा, तपासा. डी3100, डी3200, डी7000 यांसारख्या जुन्या बॉडींवर ती फोकस करत नाही. आणि खोक्यावर ‘व्हीआर’ लिहिलंय का तेही वाचा. बिनव्हीआरची दिसायला अगदी तशीच असते, लेन्सवर व्हीआरचं बटण दोन्हींना नाही.

हजिऱ्याचा
माझा अनुभव उलटा आहे. तानसेन समारोहात, आपल्या ग्वाल्हेरच्या संगीत महोत्सवात, मागे बसून गायकाचा चेहरा घ्यायचा होता. झूमच्या लांब टोकाला एफ 5.6, म्हणजे प्रकाश कमीच, आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 करूनही शटर 1/60 च्या वर जाईना. तान घेताना मान हलते, हात फिरतो. सगळं पुसट आलं. डिसेंबरच्या थंडीत तीन तास बसून एक फोटो धड नाही. पुढच्या वर्षी पुढची जागा धरली आणि 50 एफ 1.8 नेली. रात्रीच्या मैफलीला ही स्वस्त झूम नेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो.

कंपूकर
खरं आहे. आणि मे महिन्याच्या दुपारीही नको. किल्ल्यावरून जयविलास राजवाड्याकडे रोखली की तापलेली हवा थरथरते, कितीही महाग लेन्स असो, कडा विरघळल्यासारख्या येतात. सकाळी सातच्या आत जा.

बेतवाकाठ
ताई, ओरछासाठी लिहितो. छत्र्यांच्या, म्हणजे राजांच्या स्मारकांच्या, शिखरांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. संध्याकाळी नदीपलीकडून छत्र्या सुंदर दिसतात, पण गिधाडांसाठी सकाळच बरी, ऊन चढलं की ती हवेत उठतात. मी कोनाड्यात बसलेलं एक टिपलं, मानेची विरळ पिसं मोजता येतील इतकं. पुलाच्या दगडी कठड्यावर रुमालाची घडी ठेवून त्यावर लेन्स टेकवली होती, ट्रायपॉड नव्हता. तुमच्या लेन्सला ते सहज जमेल.

धागाकर्ती
बेतवाकाठ दादा, रुमालाचं लक्षात ठेवते. मुक्काम दोन रात्रींचा करतेय, म्हणजे दोन सकाळी मिळतील. कंपूकर, ती मानेवरची रेघ कुठल्या मूर्तीची? खालून येताना डावीकडची की उजवीकडची, तेवढं सांगा. रविवारी आईला घेऊन जाणार आहे.