आर्ट थेरपिस्टचं लायसन्स हवंय, बीएफएनंतर पुढचा रस्ता कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारूनच टाकते. माझं बीएफए (चित्रकलेची पदवी) झालंय आणि सात वर्षं मुलांना चित्रकला शिकवतेय. आता आर्ट थेरपिस्ट (चित्रं, माती अशा कलेच्या माध्यमातून मानसिक उपचार करणारा) व्हायचंय, पण दोन-तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून नाही, रीतसर मास्टर्स आणि लायसन्स घेऊन.

हे डोक्यात शिरलं एका मुलामुळे. आठेक वर्षांचा होता. रोज काळा ऑईल पेस्टल उचलायचा आणि अख्खा कागद काळा करायचा, इतका दाबून की कागद फाटायचा, मग तोच कागद उलटा करून मागच्या बाजूने परत सुरू. मी आपली कधी पिवळा पुढे कर, कधी निळा पुढे कर, चित्र छान व्हावं म्हणून. एक दिवस काहीच बोलले नाही, फाटलेल्या जागेवर नुसती चिकटपट्टी लावून दिली. त्याने पट्टीवरून हळूच बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. काय बोलला ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे. पण ते ऐकल्यावर पुढे काय करायचं हे मला येत नव्हतं. आईवडिलांशी बोलून त्याला समुपदेशकाकडे पाठवलं, तेवढंच. तेव्हापासून ठरवलंय की हे शिकूनच करायचं.

मास्टर्स अमेरिकेत करावं की यूकेत, इथे अडलेय. जे कळलंय ते लिहिते, चुकलं तर सांगा. अमेरिकेत एटीआर (रजिस्टर्ड आर्ट थेरपिस्ट) म्हणजेच लायसन्स असं मला कित्येक दिवस वाटत होतं, तसं नाहीये. एटीआर हे आर्ट थेरपी क्रेडेन्शियल्स बोर्डाचं रजिस्ट्रेशन, मास्टर्सनंतर सुपरव्हिजनखाली (अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीत) थेट क्लायंटसोबत १००० तास काम केलं की मिळतं, मग परीक्षा पास झाली की एटीआर-बीसी (बोर्ड सर्टिफाइड). लायसन्स देतं ते राज्य, आणि प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यूयॉर्कमध्ये एलसीएटी (लायसन्स्ड क्रिएटिव्ह आर्ट्स थेरपिस्ट) म्हणून आहे, त्याला १५०० तास लागतात, पण कितीतरी राज्यांत आर्ट थेरपीचं वेगळं लायसन्सच नाही, तिथे लोक काउन्सेलरचं लायसन्स घेऊन काम करतात. शिवाय मास्टर्सच्या आतलेच प्रॅक्टिकमचे (सुरुवातीच्या प्रत्यक्ष सरावाचे) १०० आणि इंटर्नशिपचे ६०० तास, ते या नंतरच्या तासांत धरत नाहीत.

यूकेत प्रकार सरळ वाटतो. एचसीपीसीने (आरोग्य व्यवसायांची नोंदणी करणारी तिथली संस्था) मान्य केलेलं मास्टर्स करायचं आणि त्यांच्याकडे नाव नोंदवायचं, नोंदणी नसेल तर स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेणं कायद्यानेच गुन्हा. मला हे फार पटलं, कारण समोरचा माणूस ज्या अवस्थेत येतो त्यात पाटी खरी की खोटी हे तपासायचं बळ त्याच्याकडे कुठून असणार.

आता खरी अडचण सायकॉलॉजीची. अमेरिकेतली बरीच कॉलेजं प्रवेशाआधी स्टुडिओ आर्टची साधारण १८ आणि सायकॉलॉजीची १२ क्रेडिट्स मागतात, त्यात डेव्हलपमेंटल (वाढीचं) आणि अबनॉर्मल (मानसिक आजारांचं) सायकॉलॉजी हवंच. आर्टचं माझ्याकडे चिक्कार आहे, सायकॉलॉजीचा एकही पेपर नाही. हे पेपर ऑनलाइन केले तर चालतात का, की परत बीए करत बसायचं? कुणी असं मधूनच वळलेलं असेल तर प्लीज लिहा.

दुसरं पोर्टफोलिओबद्दल. आम्हाला फिनिशिंग दाखवायची सवय, पण इथे नुसतं हात किती साफ आहे ते बघत असतील असं वाटत नाही. अर्धवट सोडलेली, स्वतःसाठीच काढलेली चित्रं टाकावीत का?

आणि काउन्सेलिंग व आर्ट थेरपी एकत्र असलेलं मास्टर्स कुणी केलंय का? त्यावर दोन्हीकडचे दरवाजे उघडे राहतात असं ऐकतेय, पण त्यात आर्टचा भाग फक्त तोंडी लावण्यापुरता उरत असेल तर मला नकोय. तिथे आठवड्यात प्रत्यक्ष रंग-मातीत हात किती वेळ जातो, एवढं तरी कुणी सांगा.