केएच (पाण्याची क्षारता), कॅल्शियम, मॅग्नेशियम तिन्ही कमी. डोस दिला तर पाणी दुधी झालं

प्रश्न
रीफ टँकला (कोरल म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) सहा आठवडे झाले. संपसकट (टँकखालची फिल्टरची टाकी) पाणी २०० लिटर, सुके खडक, दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथिड (एक प्रकारचे कोरल). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) दाखवतो. केएच ६.७ डीकेएच, कॅल्शियम ३५५ पीपीएम (दहा लाखांत भाग), मॅग्नेशियम १०९०. काल कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि दहा मिनिटांनी २० ग्रॅम खायचा सोडा विरघळवून ओतला. पाणी ताकासारखं झालं, हीटरवर पांढरा थर बसला. आता मॅग्नेशियम घालू का?

प्रतिसाद १
काहीही घालू नका. ३५ पीपीटीला बऱ्याच मिठांचे आकडे ८, ४२०, १३०० च्या आसपास येतात. तुमचे तिन्ही सारख्याच प्रमाणात, १५-१६ टक्क्यांनी खाली आहेत. कोरलनी खर्च केलं असतं तर असं दिसलं नसतं: केएच १ ने उतरतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरतं, मॅग्नेशियम त्याहून कमी. म्हणजे पाण्यात मीठच कमी आहे, २९-३० पीपीटी असावं. रिफ्रॅक्टोमीटरवर विश्वास ठेवू नका.

नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य लावून भागत नाही, ३५ जवळची चूक तशीच राहते. साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि आरओचं पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही काट्यावर मोजून मिसळा. या द्रावणाला ३५ दिसायला हवं. थेंब काचेवर अर्धा मिनिट राहू द्या, मग वाचा.

प्रतिसाद २
दुधी का झालं ते सांगतो. २०० लिटरला केएच १ ने वाढवायला सोडा लागतो ६ ग्रॅम. तुम्ही एका दमात सव्वातीन डीकेएचहून जास्त चढवला, तोही ताज्या कॅल्शियमवर, आणि मॅग्नेशियम कमी असताना. मॅग्नेशियमच कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढू देत नाही. ते कमी पडलं की चुना खाली बसतो.

स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा, पाणी निवळू द्या. हीटर आणि पंप व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून धुवा. आणि हो, पुडी खायच्या सोड्याचीच होती ना? बेकिंग पावडर वेगळी, ती टँकमध्ये जाता कामा नये.

प्रश्नकर्ता
सोडाच होता. द्रावणाला ४१ दाखवलं! आता मीठ कसं वाढवू? पाणी किचनच्या आरओचं आहे.

प्रतिसाद १
स्क्रू फिरवून ३५ वर आणा. साडेपाच पीपीटी वाढवायला २०० लिटरला साधारण १.१ किलो रीफ सॉल्ट लागेल. सुकं मीठ टँकमध्ये टाकू नका. रोज उडणारं पाणी भरताना आरओऐवजी ३५ पीपीटीचं खारं पाणी भरा. ३ लिटर उडत असेल तर रोज १०५ ग्रॅम मीठ जातं, म्हणजे अर्धा पीपीटी. दहा-अकरा दिवसांत जागेवर येईल. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) असेल तर ३५ झाल्याबरोबर त्यात पुन्हा आरओचं पाणी, नाहीतर मीठ चढतच राहील.

प्रतिसाद ३
किचनच्या आरओत बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करा किंवा मेम्ब्रेननंतर थेट पाणी घ्या, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) लावा आणि टीडीएस ० आहे का बघा. नाहीतर फॉस्फेट आणि सिलिकेट आत येऊन तपकिरी शेवाळ माजतं.

मीठ ३५ ला आलं की तिन्ही टेस्ट पुन्हा करा. मग तीन दिवस रोज ठरलेल्या वेळी फक्त केएच मोजा. समजा ८.२ चा ७.६ झाला, तर खर्च रोज ०.२, म्हणजे सोडा रोज १.२ ग्रॅम. एवढ्याशा झोअँथिडना तेवढाही लागणार नाही, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी पुरेल.