गाडीचं ऑइल: शोरूमवर सोडता की स्वतः बदलता? तुमचे अनुभव लिहा

वॉरंटी संपली की घरोघरी हा विषय निघतोच. गाडी शोरूमलाच द्यायची, नाक्यावरच्या मिस्त्रीकडे न्यायची, की रविवारी पाना घेऊन स्वतःच खाली शिरायचं? नुसती मतं नकोत, अनुभव लिहा. गाडी कोणती, ऑइल कोण बदलतं, आणि विश्वास बसला किंवा उडाला तो नेमका कशावरून. दुचाकी, ट्रॅक्टर, सगळं चालेल.

सुरुवात माझ्यापासून. पुणे, पेट्रोल हॅचबॅक. वॉरंटी असेपर्यंत शोरूम सोडलं नाही. नंतर एकदा सर्व्हिसिंगचं बिल निवांत वाचलं, तर इंजिन ऑइल ३.५ लिटर लावलेलं. माझ्या गाडीच्या पुस्तकात फिल्टरसकट ३.१ लिटर छापलंय. काउंटरवर विचारलं, तर उत्तर आलं, "सर, सिस्टिम तसंच घेते." आता यात दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर चारशे मिली खरंच जास्त भरलं, म्हणजे क्रँक त्यात घुसळून फेस होणार आणि सीलवर ताण येणार. नाहीतर भरलं बरोबर आणि पैसे जास्तीचे घेतले. तिथेच सपाट जागा बघून गाडी लावली, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो, डिपस्टिक पुसून परत घातली आणि पाहिली. पातळी बरोबर वरच्या खुणेला, थेंबभरही वर नाही. फरकाचे पैसे त्यांनी परत दिले, वाद घातला नाही. पण त्याच बिलात इंजिन फ्लश आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंगही होतं. ते मी सांगितलेलं नव्हतं, आणि पुस्तकातल्या तक्त्यात त्या किलोमीटरला ते कुठेही नव्हतं. चीड आली ती त्याची.

तेव्हापासून ऑइल आणि फिल्टर मी स्वतः बदलतो. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांना हात लावत नाही, ते शोरूमलाच. माझ्या मते काम कुणीही करो, ग्रेड, लिटर आणि पुढच्या बदलाचे किलोमीटर हे मालकाला तोंडपाठ असायलाच हवेत. ते माहीत नसतील तर शोरूम काय, मिस्त्री काय, दोघांपुढे आपण सारखेच आंधळे.

नाशिक, स्कूटर

माझी ११० सीसीची स्कूटर. ऑइल मीच बदलते आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणींना शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी एक चक्कर मारून कोमट करायची, फार तापवायची नाही. मेन स्टँडवर लावायची, साइड स्टँडवर नाही, नाहीतर ऑइल पूर्ण निथळत नाही. आधी डिपस्टिकचं झाकण सैल करायचं म्हणजे हवा आत जाते आणि धार मोकळी पडते. खाली घमेलं सरकवायचं आणि मग ड्रेन बोल्ट. पहिली धार जोरात आणि तिरकी येते, घमेलं अंदाजापेक्षा थोडं पुढे ठेवा. थेंब थांबेपर्यंत दहा मिनिटं तरी घाई करू नका. बोल्टाचा वायसर प्रत्येक वेळी नवा घ्या, किंमत अगदी किरकोळ असते आणि जुनाच लावला तर आठवड्यात फरशीवर डाग दिसतो.

बोल्ट हाताने आटे बसवून घ्या, पाना शेवटी. या स्कूटरांचं क्रँककेस ॲल्युमिनियमचं असतं. ताकद लावून आवळलं की आटे जातात, आणि तो खर्च दहा सर्व्हिसिंगांच्या पुढे जातो. माझ्या मैत्रिणीच्या गाडीचे असेच एका गॅरेजमध्ये गेले. पान्याला पाइप लावून आवळलं होतं, तिने समोर उभं राहून पाहिलं.

पातळी तपासताना डिपस्टिक नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. होंडाच्या स्कूटरच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय. फिरवून मोजली तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते आणि आपण कमी ऑइलवर गाडी चालवत राहतो.

अजून एक. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, शंभर-सव्वाशे मिली. ते बदलायचं गॅरेजवाले हमखास विसरतात. शोरूमच्या जॉबकार्डवर त्याची वेगळी ओळ असते, हा मात्र शोरूमचा खरा फायदा.

कोल्हापूर, १५० सीसी मोटरसायकल

ताईंनी स्कूटरचं लिहिलं म्हणून माझं सांगतो. आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं. मी चहाला गेलो, परत आलो तर काम झालेलं. दोन दिवसांनी आंबा घाट चढताना ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काय पळायची नाही. वाटलं क्लच प्लेटा गेल्या. मलकापुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "डबा कुठला टाकला?" कचऱ्यातला रिकामा डबा गॅरेजवाल्यानं मला तसाच दिला होता, डिकीत पडून होता. त्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमबी लिहिलेलं.

एमबी म्हणजे स्कूटरचं ऑइल. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, ऑइलच्या बाहेर. त्यामुळं त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक घातलेले चालतात. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला. तिथं तेच ऑइल गेलं की प्लेटा घसरणारच. बाइकला एमए नाहीतर एमए-२ लागतं. मिस्त्रींनी ऑइल काढलं, बरोबर ग्रेडचं घातलं आणि सांगितलं की थोडं चालवून पुन्हा एकदा बदल, म्हणजे प्लेटांत मुरलेलं निघून जाईल. तसं केलं. प्लेटा वाचल्या.

आता डबा आधी हातात घेऊन वाचतो, मग उघडू देतो. चहा नंतर.

नागपूर, सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी

मी बरीच वर्षं फ्लोअरवर टेक्निशियन होतो, आता सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. वरचं सगळं वाचलं, आणि आमची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं, आणि ते नुसत्या गाड्यांचं नसतं. फ्लश, कोटिंग, एसी क्लीनिंग, अंडरबॉडी पेंट यांचंही असतं. म्हणून पुण्याच्या दादांच्या बिलात ते आलं. उपाय साधा आहे. गाडी देताना जॉबकार्डवर सही करण्याआधी "पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणेच, बाकी काही करायचं असल्यास आधी फोन" असं स्वतःच्या अक्षरात लिहा. लिहिलेलं असलं की आम्हालाही वरिष्ठांना दाखवता येतं. खरंच सांगतो, बऱ्याच ॲडव्हायझरांना हे ग्राहकाने लिहिलेलंच बरं वाटतं.

ऑइल बहुतेक मोठ्या वर्कशॉपात बॅरलमधून मीटरच्या गनने भरतात. मीटरवर आकडा दिसतो, पाहायचा असेल तर मागा. जुना फिल्टर परत मागा. तो तुमचाच आहे. जुना फिल्टर दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर तो बदललाच नाही असं समजून चौकशी करा. बदलणारे बिनधास्त काढून दाखवतात.

आणि शोरूमला पूर्ण सोडू नका जी. एखाद्या पार्टमध्ये दोष निघाला की कंपनी गाड्या परत बोलावते, तो पार्ट फुकट बदलून देते. चॅसिस नंबर सिस्टिमला टाकला की आम्हाला लगेच दिसतं. जे वर्षानुवर्षं येतच नाहीत, त्यांचे पत्ते आणि फोन बदललेले असतात, त्यांना पत्र पोचतच नाही. ऑइल घरी बदला, पण वर्षातून एकदा नंबर तपासून घ्या.

हिंजवडी, डिझेल एसयूव्ही

मी स्वतः बदलायच्या बाजूचा होतो, या गाडीने शोरूमच्या बाजूला आणलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि डिझेल गाड्यांना धुराच्या पाइपात काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. तो अधूनमधून स्वतःच तापून काजळी जाळतो. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल फवारलं जातं. माझा रोजचा प्रवास वाकड ते हिंजवडी, म्हणजे बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. जाळण्याचं काम अर्ध्यावर असतानाच मी ऑफिसला पोचून गाडी बंद करतो. मग न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं.

एके दिवशी डिपस्टिक काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. ऑइल कमी होतं हे आपल्याला माहीत असतं. वाढलेलं पाहिलं की सुचत नाही. वास घेतला तर सरळ डिझेलचा. शोरूमने स्कॅनर लावून डीपीएफ किती भरलाय ते पाहिलं, मुद्दाम जाळून साफ केला, ऑइल मुदतीआधीच बदललं. या इंजिनांना कमी राख करणारं ऑइलच लागतं. साधं डिझेल इंजिनचं ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये अडकते, आणि राख जळत नाही. डीपीएफ बदलायचा खर्च ऐकलात तर ऑइलच्या डब्यात पैसे वाचवायचा विचार सोडून द्याल.

आता आठवड्यातून एकदा एक्सप्रेस वेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात गाडी नेतो.

सांगली, ट्रॅक्टर

आमच्याकडं किलोमीटर नाही, तास मोजत्यात. मीटरवर अडीचशे तास झालं की ऑइल. ऐन ऊसतोडीत ट्रॅक्टर शोरूमला नेऊन दोन दिवस उभा करणं परवडत नाही, म्हणून सगळे शेतावरच बदलतात. सात-आठ लिटर ऑइल, फिल्टर, झालं. शहरातल्या लोकांना एक सांगतो, आमच्या एअर क्लीनरातपण ऑइल असतंय, खालच्या वाटीत. मळणीच्या दिवसात ती वाटी रोज बघायची. इंजिनचं ऑइल कितीबी भारी घाला, वाटीत चिखल झाला की धूळ आत जाणार आणि पिस्टनच्या रिंगा खाणार.

न्यू जर्सी, सेडान

इथे चित्र जरा वेगळं आहे. १९७५चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यामुळे ऑइल बाहेर बदललं किंवा स्वतः बदललं, एवढ्या कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड तुमच्या कामामुळे झाला हे तिने दाखवायला हवं. अट एकच, पुरावा ठेवा. मी ऑइल-फिल्टरची पावती, तारीख आणि मीटरचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवते. एकदा डीलरकडे वॉटर पंपासाठी गेले, तेव्हा त्यांनी सर्व्हिसचा इतिहास मागितला. फोल्डर दाखवलं, पंप वॉरंटीत बदलून मिळाला.

तरी हिवाळ्यात मी डीलरकडेच जाते. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीखाली काम करायला मनाई आहे, आणि गोठलेल्या जमिनीवर आडवं पडवत नाही. जुनं ऑइल मात्र इथे सोपं आहे. सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत ते फुकट परत घेतात. भारतात काय करता, हे कुणीतरी लिहा.

म्हापसा, गोवा

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर, आणि माझी कळकळ. आमच्याकडे जुनं ऑइल लोक सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, उरलेलं मागच्या बाजूला ओततात. आमची जमीन जांभ्याची, पावसाळ्यात सगळं झिरपून विहिरीत. शेजाऱ्यांच्या विहिरीवर तवंग मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि ते पाणी कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेलाही जात होतं.

वापरलेलं ऑइल हा २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध होईल ही जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवरही आलीय. आपल्या हातात काय, तर घरी बदललेलं ऑइल त्याच डब्यात परत भरायचं आणि ज्या वर्कशॉपमध्ये जुन्या ऑइलचं बॅरल आहे तिथे नेऊन द्यायचं. मी तसंच करतो. कुणी नाही म्हटलेलं नाही, त्या बॅरलचे त्यांना पैसे मिळतात. ते नोंदणीकृत रिसायकलरलाच देतात ना, एवढं विचारून घ्या.

कल्याण, ऑटो पार्ट्सचं दुकान

डब्यावरून आठवलं. रिकामा डबा अखंड भंगारात देऊ नका. नामांकित कंपनीचे अखंड डबे वेगळे काढून विकत घेणारे असतात, आणि त्यांत पुन्हा काय भरलं जातं ते मी दुकानात परत आलेल्या तक्रारींमधून पाहिलंय. झाकणाच्या आतलं सील विस्कटून चिकटवलेलं, बॅच नंबर बोटाने पुसला जाणारा. डब्याला खिळ्याने आरपार भोक पाडा, मग द्या. आणि छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त सीलपॅक कुणी देत असेल, तर तिथून घेऊ नका.

सोलापूर, जुनी मोटरसायकल

माझा मार्ग मधला. ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून पावतीसह घेतो आणि ओळखीच्या मिस्त्रींकडे नेतो. ते माझ्यासमोर डबा फोडतात, मजुरीचे शंभर रुपये घेतात. त्यात चेन ताणून देतात, क्लचची तार बघतात. वडिलांची गाडीही तेच बघायचे.

पुण्याच्या दादांसाठी एक. शोरूमने जादा बिल परत केलं नसतं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. मी बॅटरीच्या वॉरंटीसाठी केली होती, दुकानदाराचा फोन स्वतःहून आला. शिवाय २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालंय, त्यात वाहनं आणि शेतीची यंत्रं दोन्ही आहेत. सांगलीच्या दादांनीही बघावं. आपल्या ट्रॅक्टरच्या कंपनीने तिथे पुस्तिका दिली असेल, तर सर्व्हिसचा तक्ता घरबसल्या मिळेल.