झेडपी शाळेला वर्गणीतून सामान द्यावं का? आमच्या ग्रुपवर भांडण लागलंय, तुम्ही काय म्हणता

पळसफूल_यावल:
राम राम मंडळी. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, कोणी पुण्यात कोणी सुरतला कोणी अजून गावातच केळी लावतो, त्यात गावच्या झेडपी शाळेसाठी ८५ हजार जमले आणि जमल्याबरोबर भांडणं सुरू. शाळा पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. निम्मे म्हणतात मोठा टीव्ही द्या, निम्मे म्हणतात पुस्तकं, एक जण म्हणतो काहीच देऊ नका ते सरकारचं काम आहे. माझं मत, द्यावं, फरक पडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेत जाऊन बसलो होतो. दुसरीतली एक मुलगी २८ अधिक ७ करत होती, बोटं संपली की परत पहिल्यापासून मोजायची. मग बाईंनी तिच्यापुढे मणीमाळ टाकली, १०० मण्यांची, दहा लाल दहा पांढरे अशी. तिने २८ व्या मण्यावर कपड्याचा चिमटा लावला, दोन मणी सरकवले, थांबली, म्हणाली "आधी तीस करायचे." मग उरलेले पाच. पस्तीस! कोणी काही सांगितलं नव्हतं. ती माळ गावातल्याच एका रिटायर मास्तरांनी दिलेली, महाग पण नसते हो. फळ्यावर दहा वेळा हातचा समजावून जे होत नाही ते हातात वस्तू आल्यावर होतं, एवढंच मला कळतं.

तापीकाठ:
भाऊ तुमचा तो एक जण मीच समजा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात स्पष्ट आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, गोष्टीची पुस्तकं पाहिजेत, शैक्षणिक साहित्य पाहिजे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार संयुक्त अनुदान धरलेलं आहे, ग्रंथालयाचे प्राथमिकला ५ हजार वेगळे. ते पूर्ण येतात का, कधी येतात, त्यातलं लाईट बिलात किती जातं हे तुमच्या ८५ हजारवाल्यांपैकी एकाने तरी ग्रामसभेत विचारलं का? आपण वर्गणी काढली की वरचे निवांत. २०२३ च्या सप्टेंबरात दत्तक शाळा योजना आणली तेव्हा तर रेटच काढला होता, ग्रामीण शाळेला ५० लाख द्या आणि ५ वर्षं तुमचं नाव लावा, १ कोटी द्या आणि १० वर्षं लावा. दान दान करता करता शाळेची पाटी विकायला निघाले. म्हणून म्हणतो एक रुपया देऊ नका, एक अर्ज द्या.

भरीतभाकर:
+१. आणि दान म्हणजे काय असतं ते शाळेतल्यांना विचारा. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे (गावाचं नाव सांगत नाही, उगाच राडा नको). मागच्या वर्षी शहरातून पुस्तकांची सहा खोकी आली. बॅनर, हार, शाल-श्रीफळ, पोरं अकरा ते एक उन्हात रांगेत, खिचडीला उशीर. खोकी उघडली तर काय, दहावीची जुनी गाईडं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, एक इंग्रजी एन्सायक्लोपीडिया ज्याचा तिसरा खंडच गायब, आणि रंगवायच्या वह्या ज्या कोणीतरी आधीच अर्ध्या रंगवलेल्या!! घर साफ केलं दिवाळीचं आणि पुण्य आमच्या माथी. टीव्हीबद्दल तर बोलूच नका, एक आहे आमच्याकडे, त्याच्यावर टॉवेल टाकलेला असतो, बिल थकलं तेव्हा लाईट कापली आणि जोडून आली तोवर रिमोट हरवला.

डिजिटल_धुळेकर:
सगळे एका काठीने हाकू नका हो. आमच्या धुळे जिल्ह्यात ११०० च्या वर झेडपी शाळा डिजिटल झाल्या, धुळ्याचेच पण न्यूयॉर्कला नोकरी करणारे हर्षल विभांडिक त्यामागे होते, पण त्यांची पद्धत बघा, आधी गावाने वर्गणी काढायची, मोठा वाटा गावाचा, मग उरलेले ते टाकणार. शेतमजुराने पण पन्नास-शंभर दिले. ज्याने शंभर दिले तो टीव्हीवर टॉवेल राहू देतो का? येता-जाता विचारतो ना, मास्तर चालू आहे का. दान बाहेरून पडलं की अनाथ होतं, गावाचा पैसा लागला की गाव लक्ष ठेवतं.

भरीतभाकर:
लक्ष ठेवतं मान्य. पण पोरगं वाचायला शिकलं का? टीव्ही चालू होता एवढंच कळलं तुमच्या बोलण्यातून.

आकडेमोड:
या प्रश्नावर लोकांनी नीट प्रयोग केलेत. केनियात १९९६ ला एका संस्थेने २५ शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली आणि न दिलेल्या शाळांशी तुलना केली, करणाऱ्यांत मायकल क्रेमर होते ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सरासरी मार्कात फरक शून्य. फक्त जी पोरं आधीच हुशार होती ती अजून पुढे गेली. कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि बहुतेक पोरांची ती तिसरी भाषा, बाकीच्यांना वाचताच येईना. सिएरा लिओनमध्ये तर अजून मजा, पुस्तकं शाळेत पोचली आणि पुढे मिळाली नाही मिळाली म्हणून शाळांनी ती साठवूनच ठेवली. पण दुसरी बाजू पण आहे, फिलिपिन्समध्ये चौथीच्या वर्गांना त्यांच्या वयाची गोष्टीची पुस्तकं दिली, शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं आणि ३१ दिवस रोज वाचनाचा कार्यक्रम लावला, तिथं वाचन सुधारलं. म्हणजे पळसफूल भाऊ तुमची मणीमाळ बरोबरच आहे, पण ती पुढे टाकणाऱ्या बाई वजा केल्या तर माळ खुंटीलाच राहिली असती.

सातपुडा_मास्तर:
केनिया कशाला, आमच्या नंदुरबारच्या धडगावला या. आमच्याकडे पहिलीत येणारं पोरगं पावरी ही आदिवासी बोली बोलतं, मराठी ही त्याच्यासाठी मास्तरची भाषा. मागे दानात छान गुळगुळीत तक्ते आले, 'आ' आगगाडीचा. आता आमच्या अक्राणी तालुक्यात रूळच नाहीत, पोरांनी आगगाडी बघितलीच नाही, ती म्हणाली बस आहे, मी म्हणालो नाही रे, ती म्हणाली मग लांब बस. दोन दिवस आगगाडी समजावण्यात गेले, अक्षर राहिलं बाजूला. शेवटी ते तक्ते उलटे केले, मागची बाजू कोरी होती, त्यावर पोरांकडूनच चित्रं काढून घेतली, मोहाचं फूल, टोपली, कुऱ्हाड, कोंबडा, आणि खाली नाव आधी पावरीत मग मराठीत, दोन्ही देवनागरीतच. ते मात्र धडाधड वाचायला लागले कारण शब्द त्यांचाच होता. सगळ्यात कामाचं दान ते ठरलं, मागच्या बाजूने. देणाऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि तापीकाठ साहेब तुमचंही खरं आहे, दिवाळीनंतर आमची अर्धी घरं गुजरातला ऊसतोडीला जातात, त्याला कोणाचं दान काय करणार. एका वर्षी दप्तरं वाटली होती. ती पण गेली गुजरातला, आत कपडे आणि मिरच्या भरून. मी काय बोलणार.

तापीकाठ:
हेच तर म्हणतोय मास्तर! आईबाप ऊसतोडीला गेले की पोरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह वेळेत सुरू करणं हे काम वर्गणीने होणारं आहे का?

पळसफूल_यावल:
नाही होणार, पण नाना, अर्जाचं उत्तर येईपर्यंत ती दुसरीतली पोरगी पाचवीत जाईल ना. अर्ज मी करतो, खरंच करतो, २५ हजाराचा हिशोब मागतो. पण ४१ पोरं आत्ता बसलीयेत तिथं.

खडूफळा:
मी झेडपीतच आहे, १९ वर्षं. एवढं सगळं बोललात पण पुस्तकं कपाटात का राहतात ते कोणीच बोललं नाही, मास्तर आळशी आहे म्हणून मोकळे होता. अहो दान आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढते. बदली झाली की चार्ज देताना नगाला नग मोजून द्यावा लागतो. पहिलीच्या पोराच्या हातात पुस्तक दिलं तर ते फाटणारच, घरी नेलं तर चुलीजवळ पडणार, धाकटा भाऊ पान खाणार, मग भरायचं कोणी? म्हणून कुलूप. माझ्या आधीच्या बाईंनी मला १३२ पुस्तकं कोरी करकरीत चार्जमध्ये दिली, अभिमानाने सांगितलं की एकही फाटलं नाही. मला तर रडू आलं.

तेव्हा पळसफूल भाऊ, टीव्ही नको. आधी तुमच्या शाळेतल्या दोघांना फोन करून विचारा. माझ्यासाठी विचाराल तर मणीमाळा आठ-दहा, म्हणजे चार-पाच पोरांत एक येईल. पातळ, मोठ्या अक्षरांची, पानावर दोनच ओळी अशी गोष्टीची पुस्तकं. कोऱ्या कार्डशीट भरपूर (सातपुडा मास्तरांना तक्ते उलटे करायला लागू नयेत). तेलखडू द्या, स्केचपेन नको, टोपण हरवतं आणि आठ दिवसांत वाळतं. कपाट अजिबात नको, सुतळी आणि चिमटे द्या, भिंतीला पोरांच्या उंचीवर बांधायला. दोन पंखे, कारण मार्चनंतर आपल्याकडे पत्र्याखाली माणूस शिजतो. मोजायला चिंचोके पाठवू नका, ते आहेत.

आणि सोबत एक पत्र द्या. त्यात लिहा की हे साहित्य मुलांनी वापरण्यासाठी दिलंय, फाटलं हरवलं संपलं तर आमची तक्रार नाही, शिक्षकांकडून भरपाई घेऊ नये. ते रजिस्टरला चिकटवलं की केंद्रप्रमुखांनी विचारलं तर दाखवायला कागद असतो.

भरीतभाकर:
ताई हे पहिल्यांदाच ऐकलं मी. आमच्या समितीत पण असा ठराव घेतो, त्या एन्सायक्लोपीडियासकट.

तापीकाठ:
पत्राची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना टाका आणि खाली लिहा की हे देण्याची वेळ का आली.

पळसफूल_यावल:
टाकतो नाना. ताई पत्र आत्ताच लिहिलं, पण आमच्या ग्रुपचं काही लेटरहेड वगैरे नाही, वहीच्या कागदावर चालेल ना?

खडूफळा:
चालेल. तारीख टाका आणि सगळ्यांच्या सह्या घ्या, सुरतवाल्यांच्या पण.