फी कॉर्पसमधून नकोच

वर्षाच्या खर्चाच्या ३० पट रक्कम (म्हणजेच निवृत्तीचा कॉर्पस) जमली की नोकरी सोडावी आणि मुलांची फीही त्यातूनच भरावी, हे वर कुणीतरी लिहिलंय. पहिला भाग मान्य, दुसरा नाही. खर्च १० लाख, कॉर्पस ३ कोटी धरा. कॉलेजच्या चार वर्षांत फी-हॉस्टेलचे वर्षाला ६ लाख धरले तर दरवर्षी काढायची रक्कम १६ लाख, म्हणजे कॉर्पसच्या ३.३ ऐवजी ५.३ टक्के. सुरुवातीलाच बाजार पडून कॉर्पस सव्वादोन कोटींवर आला, की तेच १६ लाख ७ टक्क्यांच्या वर जातात. ही चार वर्षं नेमकी निवृत्तीच्या तोंडावर येतात, गोची तीच आहे. म्हणून फीचे २४ लाख हिशेबाबाहेर ठेवा. दर जूनला एकीची मुदत संपेल अशा चार एफडी केल्या तरी पुरे.

शैक्षणिक कर्जाचा विचार असेल तर राजीनाम्याआधी मंजुरी घ्या. सहकर्जदार बहुधा पालकच असतो, आणि बँक त्याची सॅलरी स्लिप मागते. ती नसली की गोष्ट तारणावर येते. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतंच: १० लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला लाखभर. ते व्याज दरमहा भरत राहा, नाहीतर ते मुद्दलात मिसळतं. आणि या कर्जावरची आयकर वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) फक्त व्याजावर, तीही जुन्या करप्रणालीतच.