बाबांच्या श्वासनलिकेत दाणा अडकलाय, सोलापुरात दुर्बिणीने कुठे काढतील?

जुळे_सोलापूरकर: बाबा ७८ वर्षांचे. लकव्यानंतर गिळायला त्रास. तीन आठवड्यांपूर्वी भाजके शेंगदाणे खाताना जोरात ठसका लागला, ओठ निळे पडले, मग थांबलं. तेव्हापासून खोकला, रात्री छातीत शिट्टी. दोनदा न्यूमोनियाची औषधं झाली. एक्स-रेत काही नाही. सीटीत उजव्या नळीत अडकलेलं दिसतंय. २५ हजारांत, सोलापुरातच सुचवा. प्रवास झेपणार नाही.

अक्कलकोट_नाका: थेट पुणे गाठा. मामांचे ८० हजार गेले, पण माणूस घरी आला. पैशाकडे बघू नका.

विणकर_६२: केळं भरवा, दाणा खाली उतरतो. आमच्याकडे माशाचा काटा असाच गेला.

निवृत्त_सिस्टर: कृपा करून केळं देऊ नका! काटा घशात होता, दाणा श्वासनलिकेत आहे. अशा पेशंटला दुसरा ठसका लागेल. ताई, दाणा एक्स-रेत दिसतच नाही, म्हणून न्यूमोनिया समजून वेळ जातो. उजवी नळी रुंद आणि सरळ, बहुतेक वस्तू तिकडेच जातात. दाणा ओलाव्याने फुगतो, भोवती सूज येते. उशीर करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. कवळी काढून न्या.

विणकर_६२: आमचा अनुभव खोटा आहे का?

पूर्व_भाग: कवळीवरून आठवलं. आईचा कवळीचा दात असाच गेला होता, डॉक्टर दोन महिने दमाच म्हणत राहिले. अजून राग येतो.

नवी_पेठ: दुर्बिणीला घाबरू नका. जर्मनीत किलियन नावाच्या डॉक्टरांनी १८९७ मध्ये शेतकऱ्याच्या नळीतून हाड काढलं होतं. आता वाकणारी दुर्बीण असते, बऱ्याचदा पूर्ण भूलही लागत नाही. पण मीही पुणेच म्हणेन.

अक्कलकोट_नाका: तेच सांगतोय, पुणे.

जुळे_सोलापूरकर: सगळ्यांचे आभार. पुण्याला नेत नाही. चार तास गाडीत खोकत बसवणं मला जमणार नाही. सिव्हिलच्या छाती विभागात विचारून आले, उद्या सकाळी उपाशीपोटी बोलावलंय. सिस्टर, रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल गोळी चालू आहे, ते तुमच्यामुळे सांगितलं. बाबा आत्ता पाटाला टेकून बसलेत, आडवं झालं की शिट्टी वाढते.

निवृत्त_सिस्टर: तसंच बसवा. दम वाढला, ओठ निळे दिसले तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा.