शल्य: दुर्योधनाने पळवलेला की युधिष्ठिराने पेरलेला?

रथचक्र

महाभारत युद्धात कोण कोणाकडून लढला हा विषय निघाला की गाडी कर्णावर येऊन थांबते. हा धागा शल्यासाठी.

प्रसंग थोडक्यात. मद्रांचा राजा शल्य हा माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. अक्षौहिणी घेऊन तो भाच्यांकडे निघाला. दुर्योधनाला वर्दी लागली. त्याने मामाच्या वाटेवर मुक्कामाच्या जागा बांधल्या, विहिरी, खाणंपिणं, करमणूक, सगळी सोय केली, पण आपलं नाव पुढे येऊ दिलं नाही. शल्याला वाटलं, भाच्यांनीच केलंय. खूश होऊन म्हणाला, ज्यांनी हे उभारलं त्या युधिष्ठिराच्या माणसांना बोलवा, बक्षीस द्यायचंय. समोर आला दुर्योधन, आणि मागितलं काय तर आमच्या सेनेचं नेतृत्व. शब्द गेला तो गेलाच.

तिथून शल्य पांडवांच्या मुक्कामी, उपप्लव्याला, युधिष्ठिराला भेटला. युधिष्ठिराने 'परत या' म्हटलंच नाही. म्हणाला, कर्ण-अर्जुन समोरासमोर येतील तेव्हा कर्णाचं सारथ्य तुमच्याकडे येईल, त्या वेळी अर्जुनाला सांभाळा आणि कर्णाचा तेजोवध करा. करू नये असं काम आहे, तरी करा.

माझं म्हणणं, हा सौदा तोट्याचा. अक्षौहिणीचा हिशोब मांडा. १ रथ, १ हत्ती, ३ घोडेस्वार आणि ५ पायदळ मिळून एक पत्ती. तिला सात वेळा तिनाने गुणायचं (सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी) आणि शेवटी दहाने. होतात २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. शल्य तिकडे राहिल्यावर बलाबल ११ विरुद्ध ७, म्हणजे दीडपटीच्या वर. इकडे आला असता तर १० विरुद्ध ८, म्हणजे सव्वापट. एवढं सैन्य सोडून युधिष्ठिराने काय घेतलं? एका म्हाताऱ्याची जीभ.

शिवाय नकाशा बघा. मद्रांची राजधानी शाकल म्हणजे आजचं सियालकोट. गांधार आणि कंबोजांकडून कुरुक्षेत्राकडे उतरायचं तर मद्र मधे येतो. मद्र पांडवांकडे असता तर कंबोजांच्या सुदक्षिणाची अक्षौहिणी वाटेतच अडवता आली असती.

अर्धरथी

नकाशाचा मुद्दा चांगला आहे, हिशोबाचा नाही. अठराव्या दिवशी सकाळी दोन्हीकडचे उरलेले रथ शल्यपर्वात दिलेत: कौरव ११,०००, पांडव ६,०००. म्हणजे सतरा दिवस कत्तल होऊनही कौरव रथांत जवळपास दुप्पट होते, आणि दिवस मावळायच्या आत संपले. संख्येने युद्ध जिंकायचं असतं तर हा धागा उलट्या बाजूने निघाला असता.

आता शल्य परत आल्यावर काय होतं ते बघा. पांडवांनी सात अक्षौहिणींवर सात नायक नेमले होते: द्रुपद, विराट, धृष्टद्युम्न, शिखंडी, सात्यकी, चेकितान, भीम. त्यांच्यावर सेनापती कोण, यावरच भावाभावांत मतं पडली. सहदेव म्हणे विराट, नकुल म्हणे द्रुपद, अर्जुन म्हणे धृष्टद्युम्न, भीम म्हणे शिखंडी. त्यात आठवा येणार तो वयाने मोठा, मामा, आणि वाटेत दुसऱ्याला शब्द देऊन तो मोडून आलेला. त्याला धृष्टद्युम्नाच्या हाताखाली कसं उभं करणार?

रुक्मीचं उदाहरण समोर आहेच. आपल्या विदर्भाचा भोजकटवाला. तोही एक अक्षौहिणी घेऊन आला आणि अर्जुनाला म्हणाला, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुनाने हात जोडून वाटेला लावला. तिथून तो दुर्योधनाकडे गेला, तेच बोलला, त्यानेही लावला. दोन्ही बाजूंना सैन्य हवं होतं, सैन्याबरोबर येणारा माणूस नको होता.

चारापाणी

दोघेही मूळ गोष्ट सोडून भांडताय. दुर्योधनाने शल्याला सोनं दिलं नाही की कन्या दिली नाही. चारा-पाणी दिलं.

एका अक्षौहिणीचा रोजचा खर्च काढा. हत्तीला दिवसाला दीडशे किलो ओला चारा धरला तर २१,८७० हत्तींना सुमारे ३,२८० टन. वरचे ६५,६१० घोडे स्वारांचे आहेत, रथांचे त्यात नाहीत. रथाला चार घोडे धरले तर आणखी ८७,४८०. एकूण दीड लाखाच्या वर घोडे, प्रत्येकी तीस लिटर पाणी, म्हणजे रोज ४५ लाख लिटरच्या पुढे. शल्याचा तळ दीड योजन पसरायचा असं लिहिलंय. असा तळ एका जागी दोन रात्री राहिला तर आसपासची गावं उघडी पडतात. आकडे कवीचे आहेत, मान्य. दहाने भागा, तरी अडचण तीच राहते.

ज्याने वाटेवर विहिरी खोदल्या त्याच्याकडे सैन्य गेलं. यात फसवणूक आहेच, पण पांडवांचा ढिसाळपणा त्याहून मोठा आहे. सख्खा मामा एवढं लष्कर घेऊन निघालाय आणि उपप्लव्याहून एक माणूस सामोरा गेला नाही? आपल्याकडे लग्नाला येणाऱ्या मामाला आणायलाही कुणीतरी वेशीपर्यंत जातं.

वाटाड्या

'पेरलेला' हा शब्दच मला मान्य नाही. शल्याची कामगिरी दिवसवार काढा.

पहिल्याच दिवशी विराटाचा मुलगा उत्तर शल्याच्या हातून मेला. पांडवांच्या बाजूचा हा पहिला मोठा बळी. तेराव्या दिवशी चक्रव्यूहात शल्याचा धाकटा भाऊ आणि मुलगा रुक्मरथ, दोघांना अभिमन्यूने मारलं. चौदाव्या दिवशी जयद्रथाभोवती जे सहा महारथी उभे केले त्यांत कर्ण, अश्वत्थामा, कृप, भूरिश्रवा, वृषसेन यांच्या बरोबरीने शल्य होता. पेरलेला माणूस असा वागतो? घरचे दोन गमावून?

दुसरं म्हणजे, युद्धाच्या कितीतरी आधी युधिष्ठिराला कसं कळलं की शल्य कर्णाचा सारथी होणार? कर्ण तर भीष्म पडेपर्यंत, म्हणजे पहिले दहा दिवस, रणावर उतरलाच नाही. उतरल्यावरही बरेच दिवस त्याचा नेहमीचा सारथी होता. शल्याची मागणी त्याने केली ती सतराव्या दिवशी सकाळी. मला तरी उद्योगपर्वातलं ते बोलणं मागाहून जोडलेलं वाटतं.

रथचक्र

वाटाड्या, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. पेरलेला नव्हता म्हणजे युधिष्ठिराने एक अक्षौहिणी फुकट घालवली!

लगाम

सतराव्या दिवसाबद्दल सगळे बोलतात, रथात काय चाललं होतं ते कुणी बघत नाही.

कर्णाने दुर्योधनाला हिशोब दिला होता. धनुष्य माझंही कमी नाही, पण अर्जुनाकडे कृष्ण आहे, आणि घोड्यांच्या ज्ञानात कृष्णाच्या तोडीचा आपल्याकडे एकच, शल्य. सोबत आणखी दोन मागण्या: बाणांनी भरलेले गाडे मागून यावेत, आणि चांगले घोडे जुंपलेले रथ कायम पाठीशी असावेत. मागण्या अगदी बरोबर आहेत. म्हणून युधिष्ठिराला आधी कसं कळलं हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. अर्जुनासमोर कर्ण येणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्याला कृष्णाच्या तोलाचा सारथी लागणार हेही उघड होतं. असा माणूस एकच होता, आणि तो नुकताच तिकडे गेला होता.

सारथी म्हणजे टांगेवाला नव्हे. समोरची जमीन तो वाचतो, घोडे किती दमलेत ते त्याला हाताला कळतं, धनुर्धराला सोयीची बाजू मिळेल असा रथ फिरवतो, बाजूने कोण येतंय ते सांगतो, रथी बेशुद्ध पडला तर त्याला बाहेर काढतो. धनुर्धराचे डोळे नेमावर असतात, बाकीचं सगळं रणांगण त्याला सारथ्याच्या तोंडून कळतं. शल्याने सारथ्य घेतानाच अट घातली होती की मी कर्णाला मनाला येईल ते बोलणार. दुर्योधन आणि कर्ण दोघांनी ती मान्य केली. ही खरी घोडचूक. मग शल्याने कर्णाला हिणवायला सांगितलेली हंस आणि कावळ्याची गोष्ट, कर्णाने काढलेले मद्रदेशाचे वाभाडे, हे सगळं शत्रू समोर असताना.

आता तो सापाचा बाण. कर्णाने अर्जुनाच्या मानेचा नेम धरला. शल्य म्हणाला, हा मानेला लागणार नाही, बघून दुसरा जोड. कर्ण म्हणाला, मी दोनदा नेम धरत नसतो. समोरच्या रथात कृष्ण काही बोलत बसला नाही. त्याने रथ पायाने दाबला, घोडे गुडघ्यांवर आले, बाण मुकुट घेऊन गेला. शल्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण सकाळपासून जो टोचून बोलतोय त्याचं खरं बोलणंही कोण ऐकतो? तेजोवध झाला तो इथे.

अर्धरथी

लगाम यांना सलाम. त्यात एक भर. त्याच दिवशी कर्णाने युधिष्ठिराला जवळपास संपवलं होतं. तेव्हा शल्य म्हणाला, याच्या मागे काय लागतोस, तुला लढायचंय ते अर्जुनाशी, आणि तिकडे दुर्योधन भीमाच्या तावडीत सापडलाय. कर्णाने रथ वळवला. युधिष्ठिर जीव घेऊन शिबिरात गेला. एक अक्षौहिणी विरुद्ध राजाचा जीव. रथचक्र, आता हिशोब करा.

वाटाड्या

दुर्योधन खरोखर संकटात होता. राजाला वाचवायला सांगणारा सारथी फितूर कसा? आणि दोनदा नेम न धरणं हा कर्णाचा स्वतःचा ताठा. तिथे इंद्राचा सारथी मातली असता तरी उत्तर तेच आलं असतं.

नवशिक्या

चाक रुतलं तेव्हा ते मागचे राखीव रथ कुठे होते? कर्णाने मागितले होते ना? आणि शल्य स्वतः का उतरला नाही?

लगाम

शल्य उतरला असता तर लगाम कोण धरणार? चाक रुतलेला रथ घोड्यांनी भेदरून ओढला तर आस मोडते. चाक काढायला चक्ररक्षक असतात. सकाळी कर्णाच्या चाकांशी त्याचे मुलगेच होते. पण चाक रुतण्याआधीच अर्जुनाने कर्णाच्या चाकांचे, बाजूंचे, पुढचे-मागचे राखणदार कापून काढले होते. उरलेले कर्णाला सोडून पळाले आणि बाणाच्या टप्प्याबाहेर जाऊन उभे राहिले. मुलगा वृषसेनही त्याआधीच पडला होता. राखीव रथ पुढे आणायला माणसंच उरली नव्हती. भूमीचा शाप वगैरे आहेच, पण शाप नसता तरी त्या क्षणी कर्ण एकटाच होता.

चारापाणी

म्हणजे परत पुरवठाच!

रथचक्र

बरं, राजाच्या जिवाचा मुद्दा मान्य, तिथे मी मागे येतो. नकाशाचा सोडत नाही. कथेत शल्याची फसवणूक आधी येते, अकरा अक्षौहिणी जमल्याचं वर्णन त्यानंतर. म्हणजे कंबोजांना अडवायला वेळ होता.

आणि निष्ठा बदलायच्याच तर जास्त मोलाची संधी दुसरीच होती. पहिल्या दिवशी युद्धाला तोंड लागायच्या आधी कृष्णाने कर्णाला विचारलं: भीष्म आहे तोवर तू तिकडे लढणार नाहीसच, तर तेवढे दिवस आमच्याकडून लढ, तो पडला की हवं तर परत जा. दहा दिवसांचा करार! कर्ण नाही म्हणाला. हो म्हणाला असता तर इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी वासवी शक्ती घटोत्कचावर खर्च होण्याऐवजी भीष्मावर झाली असती, आणि भीष्म दहा दिवस टिकलाच नसता.

अर्धरथी

आणि अकराव्या दिवशी तोच कर्ण परत दुर्योधनाकडे गेल्यावर त्याच्या मागे कोण उभा राहणार होता? भीष्माने त्याला भर सभेत अर्धरथी म्हटलं होतं (हो, नाव तिथूनच घेतलंय). त्यावर हा शिक्का बसला असता तर दुर्योधनाने तरी सेनापतिपद दिलं असतं का? बाजू बदलायची ती युयुत्सूसारखी. धृतराष्ट्राचा मुलगा, पण युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिराने जाहीर हाक दिल्यावर सगळ्यांच्या देखत रांग ओलांडून आला. पुन्हा मागे वळला नाही, आणि जगला.

वाटाड्या

अठरावा दिवस राहिलाच. अश्वत्थाम्याने शल्याचं नाव सुचवलं, शल्य सेनापती झाला आणि त्याला मारायची जबाबदारी कृष्णाने नेमकी युधिष्ठिरावर टाकली. ज्याने त्याला पेरला म्हणता त्याच्याच हातून तो मेला. जेमतेम दुपारपर्यंत टिकला.

पण त्या सकाळी कौरवांनी आपसांत एक करार केला होता तो बघा: कोणी एकट्याने पांडवांशी लढायचं नाही, लढणाऱ्या सोबत्याला सोडून जायचं नाही, जाईल त्याला महापातकं लागतील. सतरा दिवसांत असा करार करावासा वाटला नाही, शल्य सेनापती झाला त्याच सकाळी वाटला. आता तुम्हीच सांगा, ती अट कोणावर नजर ठेवून घातली होती?